‘ॲनॉयन्स’साठी ३ वर्षं कैद : कलम ६६-अ मधल्या क्रियापदांचं प्रकरण

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ २७ ऑक्टोबर २००९ रोजी लागू झालं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. या काळाबद्दल अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूनं भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र हेच प्रकरण इंग्रजी भाषेच्या बाजूनं पाहायचं आहे. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार हा खटला राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ चा होताच, पण त्याच्या मुळाशी काही अगदी रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द होते. ॲनॉय, इन्कन्व्हीनियन्स, ऑब्स्ट्रक्ट, इन्सल्ट. आपल्याकडे शाळेत यातल्या निम्म्या शब्दांपुढे ‘त्रास देणे’ असं लिहून पान उलटलं जातं. त्यांच्यातलं अंतर किती मोठं आहे, हे मला तरी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या निकालपत्रातून जास्त कळलं. म्हणून कायद्याच्या आणि इंग्रजीच्या, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

कलमाचे तीन तुकडे होते. पहिल्यात ‘ग्रॉसली ऑफेन्सिव्ह’ किंवा धमकीवजा मजकूर पाठवणं हा गुन्हा होता. दुसऱ्यात खोटी आहे हे ठाऊक असूनही वारंवार पाठवलेली माहिती होती, आणि ती कोणत्या हेतूनं पाठवली तर गुन्हा होईल याची लांबलचक रांग होती : ॲनॉयन्स, इन्कन्व्हीनियन्स, डेंजर, ऑब्स्ट्रक्शन, इन्सल्ट, इंज्युरी, क्रिमिनल इंटिमिडेशन, एन्मिटी, हेट्रेड, इल विल. तिसरा तुकडा ईमेलबद्दल होता. मिळणाऱ्याला ॲनॉयन्स किंवा इन्कन्व्हीनियन्स व्हावी, किंवा संदेश कुणाकडून आला याबद्दल त्याची फसगत व्हावी, या हेतूनं पाठवलेला कोणताही ईमेल. इथे मजकूर खोटा असण्याचीसुद्धा अट नव्हती. शिवाय ‘ईमेल’ची व्याख्या इतकी सैल होती की संगणकावर किंवा फोनवर तयार झालेला, पाठवलेला, मिळालेला जवळपास प्रत्येक संदेश तीत बसायचा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटकेची मुभा.

त्या रांगेच्या एका टोकाला कुणाची तरी चिडचिड आहे. मधे कुठेतरी जिवाचा धोका आहे, आणि दुसऱ्या टोकाला समाजातला द्वेष. सगळ्यांना शिक्षा मात्र एकच.

पालघर, नोव्हेंबर २०१२

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. लाखो लोक अंत्ययात्रेत होते आणि उरलेली मुंबई बंद होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधल्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, त्याचा आशय असा : माणसं रोज जातात, तरी जग चालत राहतं, आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी. तिच्या मैत्रिणीनं ती पोस्ट ‘लाइक’ केली. तक्रार झाली, दोघींना अटक झाली, मग जामीन मिळाला. मधल्या काळात एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावानं मोडतोड केली. लावलेल्या कलमांमध्ये ६६-अ होतं. पुढे हे प्रकरण बंद करण्यात आलं आणि पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. पण तोवर दिल्लीत श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती.

आता त्या रांगेतले शब्द या घटनेला लावून पाहू.

ज्या घरांमध्ये त्या दिवशी चूल पेटली नसेल, अशा घरातल्या माणसाला हे वाक्य लागणं स्वाभाविक होतं. ती वेदना खोटी नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. पण इंग्रजी कान असलेला कुणीही त्या माणसाबद्दल ‘ही वॉज ॲनॉइड’ असं म्हणणार नाही. तो ‘हर्ट’ झाला, ‘ऑफेंड’ झाला, फार तर ‘आउटरेज’ झाला. ॲनॉय हा शब्द त्या दुःखाला फारच तोकडा पडतो. शेजारच्या घरातला गजर सकाळी वाजत राहिला आणि कुणी उठून बंद करेना, तर माणूस ॲनॉय होतो. आपल्या दैवतासमान नेत्याच्या चितेच्या दिवशी कुणी असं लिहिलं, तर तो ॲनॉय होत नाही. म्हणजे कायद्यानं जो सर्वांत हलका शब्द गुन्ह्यासाठी पुरेसा धरला होता, तो प्रत्यक्षात जे घडलं त्याला नीट लागूच होत नव्हता.

आणि इन्कन्व्हीनियन्स? त्या पोस्टमुळे कुणाची गैरसोय झाली? कुणाची गाडी चुकली नाही, कुणाचं काम अडलं नाही. उलट पोस्टचा विषयच गैरसोय हा होता. शहर बंद राहिल्यानं दूध, औषध, टॅक्सी यांवाचून ज्यांचं अडतं, त्या माणसांच्या वतीनं, नीट असो वा ओबडधोबड, तिनं एक प्रश्न विचारला होता. गैरसोयीबद्दल बोलणाऱ्या मुलीला कुणाच्या तरी चिडीबद्दल अटक झाली, आणि कायद्यात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी, समान दर्जाचे म्हणून उभे होते. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट हीच आहे.

त्यानं नेमकं काय केलं?

इंग्रजीतली ही क्रियापदं वेगळी करायची एक साधी कसोटी आहे. वाक्य ऐका आणि विचारा, यावरून समोरच्यानं काय केलं हे कळतं का?

‘ही इंटरप्टेड मी.’ कळतं, मी बोलत असताना तो मधे बोलला. ‘ही ऑब्स्ट्रक्टेड मी.’ कळतं, वाट किंवा काम अडवलं. ‘ही पेस्टर्ड मी.’ हेही कळतं, काहीतरी मागत तो पुन्हा पुन्हा मागे लागला. आपण म्हणतो, भुणभुण लावली, पिच्छा पुरवला. ‘ही इन्कन्व्हीनियन्स्ड मी’ म्हटलं की त्यानं काय केलं ते कळत नाही, पण माझं काय झालं ते कळतं. माझी ठरलेली व्यवस्था विस्कटली, वेळ गेला, जास्तीचा हेलपाटा पडला. आणि ‘ही ॲनॉइड मी’? यातून त्यानं काय केलं हे तर कळत नाहीच, माझं काय नुकसान झालं हेही कळत नाही. कळतं ते एवढंच, की मी चिडलो.

ॲनॉय हे क्रियापद दिसायला सकर्मक आहे. कर्ता, क्रिया, कर्म, सगळं जागेवर. पण घडतं ते सगळं कर्माच्या डोक्यात. कर्त्याला हेतू लागत नाही, भानही लागत नाही, जीवसुद्धा लागत नाही. गळका नळ ॲनॉय करतो. एखाद्याचं हसणं ॲनॉय करतं आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. उलट कर्म मात्र मन असलेलंच हवं. रहदारी ऑब्स्ट्रक्ट होते, झोप डिस्टर्ब होते, पण रहदारी किंवा झोप ॲनॉय होऊ शकत नाही. म्हणून मराठी मुलं जेव्हा ‘आय ॲम ॲनॉइंग विथ हिम’ असं लिहितात तेव्हा ती चूक नुसत्या प्रत्ययाची नसते. राग माझा, मग क्रिया माझीच असणार, हा मराठी तर्क त्यामागे असतो : मी वैतागलो, मी चिडलो. इंग्रजी तो राग माझ्यात ठेवून त्याचा कर्ता दुसऱ्याला करते. माणसावर चिडलो तर ‘ॲनॉइड विथ’, गोष्टीवर चिडलो तर ‘ॲनॉइड ॲट’ किंवा ‘बाय’.

शब्दाचा इतिहास पाहिला तर हा हलकेपणा नंतरचा आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मला तिटकारा आहे’ असा अर्थ आहे. पूर्वी इंग्रजीत तो इजा करणं, हानी करणं इतक्या जड अर्थानंही वापरला जायचा. आता तो झिजून किरकोळ चिडीवर आला आहे. इरिटेट त्याच्या जवळचा, पण थोडा जास्त अंगाला लागणारा. त्वचेला, डोळ्यांना होतं तेही इरिटेशनच. व्हेक्स पुस्तकी झाला. मोलेस्टचं तर पार रूपांतर झालं. एके काळी तोही ‘उपद्रव देणं’ इतकाच होता, आज भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रात तो विनयभंगासाठीच येतो.

मनात घडणाऱ्या क्रियेवर कायदा उभा केला तर काय होतं, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये कोट्स विरुद्ध सिनसिनाटी शहर या खटल्यात सांगून ठेवलं होतं. त्या शहराचा एक नियम होता : तीन किंवा अधिक माणसांनी फुटपाथवर जमून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ॲनॉय होईल असं वागू नये. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी निकालात लिहिलं की ज्या वागण्यानं काही लोक ॲनॉय होतात, त्यानंच इतर काही होत नाहीत. नियम गेला. फुटपाथ अडवू नये, कचरा टाकू नये, मारामारी करू नये, असे नियम शहराला खुशाल करता येतात, हेही त्याच निकालात म्हटलं आहे. फरक क्रियापदाचा आहे. अडवलं की नाही हे बघणारा पोलीस सांगू शकतो. कुणी ॲनॉय झालं का, हे त्या प्रत्येकालाच विचारावं लागेल.

गैरसोय मोजता येते

इन्कन्व्हीनियन्स या शब्दात राग नाही. हे नीट समजून घेतलं की बाकी पुष्कळ उलगडतं.

रविवारी मेगाब्लॉक असतो. ठाण्याहून दादरला जायला एरवीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. स्टेशनवर घोषणा होते, प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. काही प्रवासी वैतागतात, काही पेपर उघडून बसतात. पण गैरसोय दोघांचीही झालेली असते, आणि ती वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवता येते. शेजारी कुणी बेसूर गातं तेव्हा उलट होतं : माझं एकही काम अडत नाही, तरी जीव मेटाकुटीला येतो. पहिलं इन्कन्व्हीनियन्स, दुसरं ॲनॉयन्स. इंग्रजी पाट्यांवर ‘इन्कन्व्हीनियन्स रिग्रेटेड’ असं असतं, ‘ॲनॉयन्स रिग्रेटेड’ अशी पाटी मी कुठेही पाहिलेली नाही. पाटी लावणारा तुमच्या व्यवस्थेला बसलेल्या धक्क्याची जबाबदारी घेतो, तुमच्या स्वभावाची नाही. क्रियापद म्हणून हा शब्द औपचारिक आहे आणि बहुधा कर्मणी रूपात येतो. घरात बायको नवऱ्याला ‘यू इन्कन्व्हीनियन्स्ड मी’ म्हणाली तर ते भांडण बरंच पुढे गेलेलं आहे असं समजावं.

गैरसोय मोजता येते म्हणून न्यायालयंही तिला हाताळू शकतात. जुलै २००३ मधल्या मुंबई बंदच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं २००४ मध्ये बंद पुकारणाऱ्या दोन पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. तिथे कुणाला राग आला, हा प्रश्न नव्हता. शहर ठप्प झालं, लोकांचे हक्क आणि व्यवहार अडले, हा होता. पालघरच्या पोस्टकडे या निकालाच्या शेजारी ठेवून पाहावं. बंदमुळे होणारा लोकांचा खोळंबा न्यायालयानं आधीच दखल घेण्याजोगा मानला होता. त्याबद्दल एका मुलीनं चार ओळी लिहिल्या.

बॉदर, ट्रबल, डिस्टर्ब हे तिघं कलमात नव्हते, पण त्यांच्याशिवाय हे कुटुंब पुरं होत नाही. बॉदर आणि ट्रबल बहुतेक वेळा क्षमेच्या वाक्यात भेटतात. ‘सॉरी टु बॉदर यू’ म्हणजे आपली ‘तसदीबद्दल माफ करा’. तसदी हा आपला शब्द इथे अगदी नेमका बसतो, कारण बॉदरसारखाच तो देताही येतो आणि घेताही येतो : ‘ही डिडन्ट बॉदर टु रिप्लाय’, उत्तर द्यायची तसदी घेतली नाही. ॲनॉय असा स्वतःकडे वळत नाही. ट्रबल जरा जुन्या वळणाचा आणि जास्त वजनाचा. मन पोखरणाऱ्या काळजीलाही तो चालतो. डिस्टर्ब या सगळ्यांपेक्षा निराळा, कारण त्याला आधी एक स्थिर, शांत अवस्था लागते. झोप, सभा, प्रार्थना, साचलेलं पाणी, घटनास्थळावरचा पुरावा. भारतीय दंड संहितेत धार्मिक जमावाला व्यत्यय आणण्याचा गुन्हा कलम २९६ मध्ये होता, आणि तो निर्धास्तपणे लागू करता यायचा. काय चाललं होतं आणि काय मोडलं, दोन्ही डोळ्यांनी दिसतं.

हॅरॅसबद्दल थोडं थांबायला हवं. हा शब्दही खरं तर सोसणाऱ्याच्या अनुभवातून येतो, आपल्या ‘छळा’सारखा. तरीही कायद्यानं त्याला बाहेरून कुंपण घातलं. इंग्लंडच्या १९९७ च्या छळप्रतिबंधक कायद्यात एका घटनेनं हॅरॅसमेंट होत नाही. वागण्याचा क्रम लागतो, आणि एका व्यक्तीच्या बाबतीत क्रम म्हणजे किमान दोन प्रसंग. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नकोसा स्पर्श आणि लगट, लैंगिक मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं आणि या जातीचं इतर कोणतंही नकोसं वर्तन, असं नाव घेऊन सांगितलं आहे. भावना सोसणाऱ्याची, पण मोजमाप छळ करणाऱ्याच्या कृतीचं. ६६-अ मध्ये या जागी एकच शब्द होता, ‘पर्सिस्टंटली’. किती वेळा म्हणजे पर्सिस्टंटली, हे कुठेच नव्हतं.

आवाजाच्या नियमांत हे आणखी स्पष्ट दिसतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये ॲनॉयन्स, डिस्टर्बन्स, डिस्कम्फर्ट हे शब्द आहेतच. पण त्यांच्या जोडीला आकडे आहेत : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त झालं की कुणीही तक्रार करू शकतो. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहून कुणाला मजा येत असेल, कुणाच्या छातीत धडधडत असेल. मापकाला त्याच्याशी घेणं नाही.

शब्द आले कुठून

ॲनॉयन्स आणि इन्कन्व्हीनियन्स ही जोडगोळी आपल्या संसदेच्या डोक्यातून निघालेली नाही. निकालपत्रानं या कलमाची वंशावळ ब्रिटनच्या १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यापर्यंत नेली आहे. टेलिफोन एक्सचेंजवर काम करणाऱ्या मुलींना लोक फोनवर घाणेरडं बोलत, त्यापासून त्यांना संरक्षण देणं हे त्या तरतुदीचं एक कारण होतं. त्याच कायद्यात, खोटं आहे हे माहीत असून ॲनॉयन्स, इन्कन्व्हीनियन्स किंवा विनाकारण काळजी निर्माण करण्यासाठी पाठवलेला फोनसंदेश किंवा तार हाही गुन्हा होता. तिथे हे शब्द मला अजिबात खटकत नाहीत. १९३५ साली कुणी खोटी तार केली की ‘वडील अत्यवस्थ, लगेच निघा’, तर त्या घरात नेमकं तेच व्हायचं : रजा, तिकीट, रात्रीचा प्रवास, जिवाची घालमेल. तार एका पत्त्यावर जायची, एक माणूस ती उघडायचा आणि खोटेपणा दुसऱ्या दिवशी सिद्ध व्हायचा. शब्द सैल होते, पण चौकट घट्ट होती.

हेच शब्द ब्रिटनच्या २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या कलम १२७ मध्ये आले. तिथेही कमाल शिक्षा ६ महिने. आपल्याकडे डिसेंबर २००८ मध्ये संसदेनं दुरुस्ती केली तेव्हा त्यांच्यामागे आठ जड शब्द जोडले गेले, शिक्षा ३ वर्षं झाली, आणि ईमेलच्या तुकड्यात खोटेपणाची अटही गळून पडली. तो तुकडा बहुधा नकोशा जाहिरातींचे आणि फसवणुकीचे ईमेल थांबवायला होता. पण एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांना ६६-अ खाली अटक झाली ती मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र ईमेलनं पुढे पाठवल्याबद्दल. हेतूची अट होती, असं या कलमाचे समर्थक म्हणत. पण व्यंगचित्राचा हेतू काय असतो? सत्तेवरच्या माणसाला थोडं तरी टोचावं हाच. त्या अटीनं कुणाचं रक्षण होणार होतं?

न्यायालयात

न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांच्यापुढे हे सगळं आलं. निकाल नरिमन यांनी लिहिला. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग जुन्या दंड संहितेशी केलेली तुलना हा आहे, कारण तिथे न्यायाधीश चक्क भाषेच्या शिक्षकासारखे एकेक कलम उलगडतात. कलम २६८ मधला सार्वजनिक उपद्रव : इंज्युरी, डेंजर किंवा ॲनॉयन्स, पण तो सर्व जनतेला किंवा त्या परिसरातल्या लोकांना व्हायला हवा. कलम २९४ : ॲनॉयन्स आहे, पण तो सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृतीनं किंवा गाण्यानं झालेला. कलम ५१० : ॲनॉयन्स आहे, पण तो सार्वजनिक जागी दारू पिऊन आलेल्या माणसानं केलेला. त्यासाठी शिक्षा जास्तीत जास्त २४ तास साधी कैद, १० रुपये दंड, किंवा दोन्ही. दारू पिऊन रस्त्यात कुणाला ॲनॉय केलं तर एक दिवस. शुद्धीत राहून ईमेलनं केलं तर ३ वर्षं.

न्यायालयाचं म्हणणं असं की जुन्या कलमांमध्ये हा शब्द बांधलेला आहे, ६६-अ मध्ये तो मोकळा आहे. जे एकाला ॲनॉयन्स किंवा इन्कन्व्हीनियन्स वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही. मग सामान्य माणसानं काय टाळायचं आणि पोलिसानं काय पकडायचं, हे दोघांनाही कळत नाही. सरकारतर्फे सांगितलं गेलं की कलम समंजसपणे वापरलं जाईल. त्यावर निकालात उत्तर आहे, सरकारं येतील आणि जातील, ६६-अ मात्र कायम राहील. चर्चा, एखाद्या मताचा प्रचार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयानं मांडल्या आणि सांगितलं की राज्याला हात घालता येतो तो तिसऱ्या पायरीवर. केरळ पोलीस कायद्यातलं कलम ११८(ड), तेही असभ्य रीतीनं ॲनॉयन्स देण्याबद्दलचंच, याच निकालात रद्द झालं.

निकालात इंग्लंडच्या एका खटल्याचीही चर्चा आहे, आणि आपल्या विषयासाठी तो सोन्यासारखा आहे. जानेवारी २०१० मध्ये बर्फामुळे डॉनकास्टरजवळचा रॉबिन हूड विमानतळ बंद पडला. लवकरच तिथून विमानानं निघायचं असलेल्या एका तरुणानं ट्विटरवर वैतागून लिहिलं की आठवड्याभरात सगळं सुरळीत करा, नाहीतर विमानतळ उडवून देईन. गैरसोय होण्याची भीती त्याला. वैताग त्याला. आणि खटला भरला गेला तो मजकूर ‘मेनेसिंग’, म्हणजे धमकीचा असल्याचा. खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला, जुलै २०१२ मध्ये वरच्या न्यायालयानं शिक्षा रद्द केली. विमानतळाच्या लोकांनी ते ट्विट गांभीर्यानं घेतलंच नव्हतं. तेच शब्द, तोच माणूस, आणि दोन न्यायालयांचे दोन अर्थ. शब्द किती निसरडे आहेत हे दाखवायला नरिमन यांनी हेच उदाहरण वापरलं.

एका जागी मात्र माझं या निकालाशी पूर्ण जुळत नाही. ॲनॉयन्स आणि इन्कन्व्हीनियन्स दोन्ही सारखेच अस्पष्ट आहेत, असं निकाल धरून चालतो. मला तसं वाटत नाही. अग्निशमन दलाला खोटा फोन केला, बंब निघाला आणि खरी आग दुसरीकडे लागली. कुणाच्या नावावर खोट्या ऑर्डरींचा मारा केला. खोट्या संदेशामुळे लोक रात्रभर भलत्याच केंद्रावर रांगेत उभे राहिले. ही गैरसोय आहे, ती खोट्या संदेशानं झाली आहे, तासांत आणि रुपयांत सांगता येते. नेमक्या व्याख्येत बांधून, कमी शिक्षा ठेवून ती कायद्यात टिकू शकली असती. तिचं दुर्दैव असं की तिला ॲनॉयन्सच्या शेजारी बसवलं गेलं. बंगलोर असो वा नागपूर, सायबर तक्रार घेऊन जाणाऱ्या सामान्य माणसाचं नुकसान बहुतेकदा याच प्रकारचं असतं. त्याच्यासाठी स्वच्छ, नेमकं कलम लिहिण्याची संधी २००८ मध्ये वाया गेली, याचं मला वाईट वाटतं.

रद्द झालेलं कलम पोलीस ठाण्यांतून काही लगेच गेलं नाही. गुन्हे नोंदवले जातच राहिले. २०२१ मध्ये हे पुन्हा सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा खुद्द नरिमन यांनी धक्का बसल्याचं बोलून दाखवलं. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयानं आदेश दिला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही आणि पोलिसांनी त्याखाली नव्या तक्रारी नोंदवू नयेत.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ॲनॉयन्स तिथेही आहे. सार्वजनिक उपद्रवाच्या कलम २७० मध्ये, अश्लील कृतीच्या कलम २९६ मध्ये, आणि दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन करणाऱ्याबद्दलच्या कलम ३५५ मध्ये. या शेवटच्या कलमात २४ तास तसेच राहिले, दंड १० रुपयांवरून १००० रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेच्या शिक्षेची सोय झाली. जुन्या २६८ मधलं शेवटचं वाक्यही नव्या संहितेत जसंच्या तसं आलं आहे : एखाद्या उपद्रवातून काही सोय किंवा फायदा होतो, या कारणावरून तो माफ होत नाही. तिथे ‘कन्व्हीनियन्स’ हा शब्द आहे. ‘इन्कन्व्हीनियन्स’ या कलमात तेव्हाही नव्हता, आताही नाही.